घोटवडे फाट्यावरचं न उघडणारं पान

१

चोरी झाली ती भर दुपारी, आणि चोरीला काय गेलं ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नव्हतं.

लीलाआक्का शेलार जेवून खाटेवर जराशा टेकल्या होत्या, तोच त्यांची नात स्वरदा धापा टाकत आत आली. पायात एकच चप्पल.

"आज्जी, ती वेबसाइट उघडत नाहीये! इरफानदादा दोन तास झटतोय. पाचला सगळं बंद होणार!"

आक्का उठून बसल्या. शाळा त्यांची दुसरीपर्यंतच झालेली, पण गेले आठ दिवस घरात दुसरा विषय नसल्यामुळे ही भानगड त्यांना तोंडपाठ होती. पोरीला पुण्यात सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा लागली होती. ती लागली हे काल संध्याकाळी इरफानच्याच दुकानात, त्याच्याच कम्प्युटरवर दिसलं होतं. आता आज पाचच्या आत त्याच वेबसाइटवर जाऊन 'मला ही जागा हवी' असं कळवायचं. नाही कळवलं, तर जागा मागच्या नंबरवाल्याला. मग रडून उपयोग नाही, कुणाच्या पाया पडून उपयोग नाही.

"काल उघडत होतं ना?"

"काल उघडलं होतं. तूच तर पेढे आणायला पाठवलंस."

आक्कांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि निघाल्या. दुकान काही लांब नव्हतं. घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याकडे तोंड करून त्यांचेच दोन गाळे होते. त्यातल्या एकात इरफानचं भाड्यानं घेतलेलं फोटो आणि झेरॉक्सचं दुकान. फाट्यावर इंटरनेट म्हणाल तर तेवढ्याच एका कम्प्युटरवर. त्यात वार गुरुवार, म्हणजे पिरंगुटापासून वर सगळीकडे लाईट बंद. इरफानकडे इन्व्हर्टर होता म्हणून त्याचं तरी चालू. बावधनला जावं, तर भूगावजवळ रस्ता खणून ठेवलेला, सकाळपासून गाड्या जागच्या हलत नव्हत्या.

दुकानाच्या पायरीवर पोचायच्या आधीच आक्कांना धाकट्या लेकाचा आवाज ऐकू आला. दिग्विजयनं इरफानची कॉलर धरली होती.

"गाळा खाली करायला सांगितला म्हणून पोरीच्या जीवावर उठतोस व्हय रं?"

"सोड त्याला," आक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढवावा लागत नसे. बांधाची भांडणं घेऊन रिहे खोऱ्यातली माणसं त्यांच्या ओट्यावर येत आणि त्यांचा शब्द ऐकून परत जात.

दिग्विजयनं हात काढला. इरफाननं कॉलर सारखी केली. तो घाबरला नव्हता, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

"आक्का, तुमच्या पायाची शपथ, मी काय केलं न्हाई. पण एक सांगतो. काल रातीला मी दुकान बंद केलं तवा मशीन ठीक होतं. सकाळपासनं आतापर्यंत त्याला कुणाचा तरी हात लागलाय."

२

आक्कांनी प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि दुकानाच्या मधोमध मांडून त्यावर बसल्या. एरवी त्या इथे आल्या की फक्त भिंतीवरचे लग्नाचे फोटो बघून नवऱ्यामुलींच्या दागिन्यांना नावं ठेवायच्या. आज भिंतीकडे बघितलंही नाही.

"दुसरं काय उघडतंय का त्यात?"

इरफाननं दाखवलं. क्रिकेटचा स्कोअर आला. पेपर आला. कुठल्याशा देवस्थानाचा फोटोही आला, त्याला आक्कांनी सवयीनं हात जोडले. मग प्रवेशाची वेबसाइट. पडदा कोरा झाला आणि मधोमध इंग्रजी ओळ आली.

"काय म्हणतोय तो?"

"हे पान सुरक्षित न्हाई, दाखवता येत न्हाई म्हणतंय."

"सरकारचं पान सुरक्षित न्हाई म्हणतंय? मग कुणाचं हाय?"

स्वरदानं तोवर मैत्रिणीला फोन लावला होता. ऋतिका बावधनची, तिचीही जागा लागलेली. फोन ठेवून स्वरदा आणखीच रडकुंडीला आली.

"तिचं सकाळीच झालं. लगेच उघडलं म्हणे. आता ती कोल्हापूरच्या गाडीत बसलीय."

आक्कांनी मान हलवली. म्हणजे सरकारचं पान जागेवर होतं. इरफानचं इंटरनेटही चालू होतं. बिघाड होता तो ह्या एका मशीनला आणि ह्या एका पानापुरता. दही लागलं नाही की आक्का आधी दूध बघत, मग भांडं, आणि शेवटी त्याला हात कुणी लावला ते विचारत. दूध चांगलं होतं. आता हातांची चौकशी राहिली होती.

"दिग्या, पुढं ये."

दिग्विजय पुढं आला. पस्तिशीचा गडी, अंगानं दणकट, आणि पोटात काही न ठेवणारा.

"पोरीनं शिकू नये असं तुला वाटतंय."

"वाटतंय. लपवतोय कुटं? कासारसाईचं स्थळ मीच आणलंय. घर चांगलं, जमीन हाय, पोरगा निर्व्यसनी. आज संध्याकाळी त्याचा बाप पत्रिका न्यायला येतोय. पुण्यात चार वर्षं होस्टेलात ठेवून काय होणार हाय हिचं?"

"काका!" स्वरदा ओरडली.

"तू गप. आये, मला पोरीचं लगीन लावायचं हाय, तर मी तोंडावर सांगीन. मशीनमदी बोटं घालून चोरासारखं करीन व्हय? मला ते चालू कसं करतात तेबी ठावं न्हाई."

हे खरं होतं. साधा मोबाईल लावायलाही तो पुतणीला हाक मारायचा. शिवाय पहाटेपासून जीप घेऊन तो पौडला होता, हे आक्कांना माहीत होतं. त्यांनीच पाठवलं होतं.

"इरफान, आता तू. गाळा खाली कर म्हणून मी सांगितलं, त्याचा राग हाय का न्हाई?"

"हाय," इरफान म्हणाला. "पण राग तुमच्यावर हाय, पोरीवर कशाला काढू? आणि आक्का, फाट्यावरच्या पोरापोरींचे सगळे फॉर्म मी भरतो. एकीचं जरी मुद्दाम बिघडवलं, तर उद्या माझ्या दारात कुत्रं येणार न्हाई. गाळ्याचं सोडा, धंदाच बसंल माझा."

आक्कांना ते पटलं. आवडलं नाही, पण पटलं.

एवढ्यात त्यांची थोरली सून रजनी, स्वरदाची आई, तांब्याभर पाणी घेऊन आली. तिचा नवरा जनार्दन कंपनीत पहिल्या पाळीला होता, त्यामुळे तो यात नव्हताच. रजनीनं पाणी दिलं, लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, आणि दाराशी उभी राहिली. सकाळीच ती रिह्यातल्या खाचरात भातलावणीला जाते म्हणून निघाली होती. पाय धुऊन स्वच्छ, टाचांच्या भेगासुद्धा कोरड्या.

तिला कुणी काही विचारलं नाही, आणि थोड्याच वेळात ती तांब्या घेऊन घरात गेली. विचारावं अशी ती बाई नव्हती. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून तिनं सासूच्या शब्दापुढं शब्द टाकला नव्हता.

"मशीनवर सकाळी कोण होतं?" आक्कांनी विचारलं.

"मी फोटोच्या ऑर्डरला लवळ्याला गेलो होतो," इरफान म्हणाला. "हीना होती."

आणि झेरॉक्सच्या मशीनमागून, इतका वेळ तिथेच काम करत असलेल्या त्याच्या बहिणीच्या हातातून कागदांचा गठ्ठा खाली पडला.

३

हीना वीस-एकवीस वर्षांची, चटपटीत. एरवी आक्कांशी बरोबरीनं थट्टा करायची. आज कागद गोळा करायला खाली बसली ती वर बघेना.

"काय काय केलंस गं सकाळी?"

"काही नाही आक्का. दोन पासपोर्ट फोटो. एक सातबाऱ्याचं झेरॉक्स."

"आणि हे?"

आक्कांच्या पायाशी एक कागद येऊन पडला होता. पिवळा, जाडसर, चहूबाजूंनी लाल नक्षी, वर गणपती. आक्कांनी तो उचलून वास घेतल्यासारखा नाकाशी धरला.

"हा कागद तुमी पत्रिकेला वापरता. मागच्या म्हयन्यात शेजारच्यांच्या पोराची काढली तवा बघितला होता. पाकीट आज फोडलंय. कडा अजून चिकटलेल्या हायेत."

"पत्रिका रोजच काढतो आम्ही," हीना म्हणाली. "वार, वेळ, गाव टाकलं की कुंडली येते. जोशीबुवासुद्धा आता इथेच पाठवतात."

"आज कुणाची काढलीस?"

हीनानं एकदा स्वरदाकडे बघितलं आणि लगेच नजर फिरवली.

"सांगता येत नाही आक्का. शपथ घातलीय."

दिग्विजय पुढं सरसावला. आक्कांनी नुसतं बोट वर केलं, तो थांबला. त्यांना त्या पोरीची चीडही आली आणि कौतुकही वाटलं. शपथ पाळणारी माणसं फाट्यावर आता किती उरली होती? पण वेळ जात होता. इन्व्हर्टर मधूनमधून टीटी करायला लागला होता.

"इरफान, किती वाजले?"

इरफाननं माऊसचा बाण पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नेला. तिथे घड्याळाचे आकडे होते. बाण तिथे थांबला आणि आकड्यांवर एक छोटी चौकट उमटली. त्यात इंग्रजीत तारीख. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं, पण आकडा मराठीतला असो की इंग्रजीतला, दूध डेअरीवर इतकी वर्षं काढलेल्या बाईला तो वाचता येत होता.

त्या पुढं वाकल्या.

"हे काय रं? शेवटी आठ कशाला? सालात आठ? औंदा नऊ चाललंय."

इरफाननं बघितलं. बघितलं आणि बहिणीकडे वळला.

"हीना," तो हळूच म्हणाला, "तारीख परत पुढं केली न्हाईस?"

४

त्याचं स्पष्टीकरण ऐकताना इरफानला आक्कांकडे बघवत नव्हतं.

पत्रिकेचा तो प्रोग्राम त्यानं विकत घेतलेला नव्हता. मागच्या दिवाळीत नमुना म्हणून फुकट मिळाला होता. महिनाभर चालतो आणि मग बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून ह्या भावंडांनी एक युक्ती काढली होती. कुणी पत्रिका काढायला आलं, की मशीनची तारीख मागे न्यायची, थेट मागच्या दिवाळीत. प्रोग्रामला वाटतं, महिना अजून संपलेला नाही. पत्रिका छापून झाली, की तारीख पुन्हा पुढं. पाच मिनिटांचं काम, कुणाला कळतही नाही.

"म्हंजे सकाळपासनं आपण मागल्या दिवाळीत बसलोय," आक्का म्हणाल्या. "बरं. पण त्यानं पान का उघडू नये? क्रिकेट कसं उघडलं?"

हे इरफानलाही सांगता येईना. स्वरदानं आक्कांच्या भाडेकरूला फोन लावला. मागच्या खोलीत राहणारा निषाद, नांदेडचा, हिंजवडीत कम्प्युटर कंपनीत कामाला. त्याच्या ऑफिसात बाहेरच्या वेबसाइट उघडता येत नसत, नाहीतर त्यानंच काम केलं असतं. स्वरदानं फोन स्पीकरवर टाकला.

"थांबा, थांबा," निषादचा आवाज आला. "तारीख मागची आहे? मग बरोबर आहे, आक्का. असं बघा, ज्या साइटवर पासवर्ड टाकतात, तिच्याकडे एक परवाना असतो. ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत खरी, असा. तुमच्या मशीनने तो परवाना बघितला. परवाना ह्या वर्षीचा. मशीनच्या मते आज मागची दिवाळी. म्हणजे जो परवाना अजून सुरूच झाला नाही, तो दाखवणारा माणूस खोटा. म्हणून दार उघडलं नाही. क्रिकेटचा स्कोअर परवाना दाखवतच नाही, त्यामुळे तो आला. तारीख नीट करा आणि पुन्हा बघा."

इरफाननं तारीख नीट केली. कोरा पडदा निळा झाला, मग त्यावर अक्षरं उमटली, आणि स्वरदाचं नाव आलं.

घाईघाईत पोरीचा पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर पडला. तिनं बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत एक ओळ आली आणि ती इरफानच्या टेबलावर डोकं ठेवून हमसून रडायला लागली.

दिग्विजय बाहेर निघून गेला.

दुसरं कुणी असतं तर इथेच उठलं असतं. आक्का उठल्या नाहीत. काम झालं होतं, पण त्यांच्या मनात दुसराच काटा रुतला होता. पाच मिनिटांचं काम, आणि आज हीना तारीख पुढं करायची विसरली? कशी विसरली?

त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. एकटी हीना राहिली.

"ज्यानं शपथ घातली त्याचं नाव मला नको," आक्का म्हणाल्या. "मी काय विचारते तेवढंच सांग. पत्रिका पोराची का पोरीची?"

"पोरीची."

"ती पोरगी आता हितं टेबलावर रडत होती का?"

हीनानं खाली बघितलं. तेच उत्तर होतं.

"मग तारीख का तशीच ठेवलीस?"

"आणखी एक प्रत लागेल म्हणाले. मी घेऊन जाते आणि परत येते, तोवर बंद करू नकोस म्हणाले." बोलता बोलता हीनानं जीभ चावली. 'जाते' तिच्या तोंडून निसटलं होतं. "मग स्वरदा येऊन बसली. तिच्यादेखत तिचीच पत्रिका कशी उघडू? मी ती झाकून ठेवली आणि गप्प राहिले. तारखेमुळे असं होतं हे मला माहीत असतं तर... आक्का, खरंच माहीत नव्हतं."

बाई होती तर. आक्कांना वाटलं, दिग्विजयची बायको असेल. नवऱ्यानं पाठवलं असेल, संध्याकाळी कासारसाईकरांच्या हातात द्यायला.

"शेवटचं विचारते. जन्माची वेळ काय सांगितली?"

"पहाटेची. चारच्या पुढची."

आक्का स्टुलावरून उठायला लागल्या होत्या. त्या परत बसल्या.

५

ती वेळ जगात फक्त दोन माणसांना माहीत होती.

स्वरदा जन्मली ती रिह्यातल्या जुन्या घरात. सुईण गंगूबाई, ती मरून जमाना झाला. जनार्दन तेव्हा रात्रपाळीला, दिग्विजय शाळकरी, झोपलेला. पहाटे पोरगी झाली आणि गंगूबाईनं बोटं मोजून सांगितलं, मूळ नक्षत्र आहे. मुळावर आलेली पोर म्हणजे होणाऱ्या सासऱ्याच्या जीवावर, असं खोऱ्यात सगळे मानत. आक्कांनी तिथल्या तिथं ठरवलं. सूर्य चांगला वर येऊ दिला, नक्षत्र पालटू दिलं, आणि मग ओट्यावर येऊन थाळी वाजवली. लेकाला, दिराला, जोशीबुवाला, सगळ्यांना तीच वेळ सांगितली. बाळंतिणीला बजावलं, मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. बाळंतिणीनं मान हलवली.

पत्रिकेत खरी वेळ होती. म्हणजे दिग्विजय नाही, त्याची बायको नाही, जनार्दनही नाही. त्यांना खोटीच वेळ माहीत होती. आणि चिखलात लावणी करून आलेल्या बाईच्या टाचांच्या भेगा इतक्या कोरड्या कशा, त्यांत चिखलाचा कणही कसा नाही, हे त्यांनी दुपारी डोळ्यांनी बघूनही मनात घेतलं नव्हतं.

रजनी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. आक्का दारात उभ्या राहिल्या.

"पत्रिका कुठाय?"

रजनीनं विचारलंसुद्धा नाही, कुठली म्हणून. कमरेशी खोचलेली पिवळी घडी काढली आणि पुढं धरली.

"लावणीला गेली न्हाईस."

"गेले न्हाई."

"तुज्या लेकीचं लगीन लावायची तुलाबी घाई झाली? मग मेले, खरी वेळ कशाला घातलीस? मुळावरची पोरगी कोण करतो?"

"म्हणूनच घातली, आत्याबाई," रजनी म्हणाली.

आक्कांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. पत्रिका लग्न जुळवायला काढली नव्हती. मोडायला काढली होती.

"भाऊजी ऐकायचे न्हाईत. हे तर भावापुढं बोलतच न्हाईत. तुमी शिकू दे म्हणता, पण कासारसाईच्या जमिनीचं नाव निघालं की तुमीबी गप होता. मी बघितलंय." रजनी तांदळाकडे बघूनच बोलत होती. "मी काय बोलणार? माझं कोण ऐकणार? म्हटलं, पत्रिकाच बोलू दे. एक प्रत त्यांना, एक जोशीबुवाकडं."

"आणि तुज्या ह्या पत्रिकेपायी पोरीची जागा जात होती! त्या मशीनची तारीख तुज्यामुळं मागं गेली. तुज्यामुळं! ती दुपारपासनं रडतीय ती तुज्या पायी!"

रजनीचे हात थांबले. इतका वेळ तिला हे माहीत नव्हतं. सुपातले तांदूळ एका बाजूला कलंडले, आणि ती सावरायलाही विसरली. तोंडातून आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता, नुसता आत ओढलेला.

"मिळाली जागा," आक्का तुटक म्हणाल्या. "बटण दाबलं पोरीनं. रडू नकोस."

बाहेर जीपचा आवाज आला. दिग्विजयची हाक आली, "आये, सोयरे आलेत!"

ट्रंकेत जोशीबुवानं केलेली जुनी पत्रिका होती. खोट्या वेळेची, चांगल्या नक्षत्राची. हातात पिवळी घडी होती. आक्कांनी ट्रंकेकडे एकदा बघितलं. मग तशाच बाहेर गेल्या.

मुलाचे वडील खाटेवर बसले होते. फेटा, पांढरीशुभ्र विजार, तोंडभर हसू. चहाचा कप हातात. आक्कांनी घडी पुढं केली.

"घ्या. आजच काढून आणली."

त्यांनी उलगडली. वाचता वाचता हसू ओसरत गेलं.

"मूळ? दिग्विजयराव तर म्हणले..."

"दिग्विजयला काय ठावं? मीच खोटी वेळ सांगितली हुती. त्याला, त्याच्या भावाला, जोशीबुवाला, सगळ्या खोऱ्याला. पोरगी जगात येऊन घटका झाली न्हवती, तिला तवापासनं लोकांच्या शिव्या नकोत म्हणून. आज वाटलं, तुमाला फसवून पोर द्यायची न्हाई. पत्रिका मीच काढायला लावली."

स्वयंपाकघराच्या दारात बांगड्या वाजल्या. आक्कांनी मागं न बघता हात आडवा केला.

मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. "कळवतो," म्हणाले, आणि दिग्विजय जीपनं सोडील याचीही वाट न बघता चालत रस्त्याला लागले.

दिग्विजय तसाच उभा होता.

"आये, काय केलंस हे? आता खोऱ्यात हिला कोण करंल? आणि तुझं काय? लोक तुझ्या शब्दावर बांध सोडतात. सांजच्याला कासारसाईपतोर सगळ्यांना कळंल, लीलाआक्का इतकी वर्षं खोटं बोलली."

"कळू दे."

"एवढंच?"

"दुसरं काय सांगू? खोटं बोलले, हे खरं हाय."

तो गेल्यावर रजनी बाहेर आली. "माझं नाव घ्यायचं होतंत," ती म्हणाली. "तुमच्यावर आलं नसतं."

"तुज्यावर आलं असतं. तू सोसलंबी असतंस. लई सोसतीस तू, हीच तुजी खोड हाय." आक्कांनी अर्धा कप उचलून मोरीत ओतला. "आणि पुन्यांदा काय वाटलं तर मला येऊन सांग. मी वरडीन. पण सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाच्या वादासाठी दोन भाऊ आंदगावहून यायचे होते. आक्कांनी ओट्यावर सतरंजी अंथरली आणि वाट बघत बसल्या. ऊन ओट्यावर चढलं. रस्त्यानं माणसं गेली. काहींनी नमस्कार केला, काहींनी दुसरीकडे बघितलं. भाऊ आले नाहीत.

आत स्वरदा होस्टेलला न्यायचं सामान काढत होती. उशी न्यायची की नाही यावरून मायलेकींचं चाललं होतं, आणि रजनीचा आवाज लेकीच्या वरचढ लागला होता. आक्कांनी थोडा वेळ तो ऐकला. मग उठून सतरंजी स्वतःच गुंडाळली आणि आत नेली.